पाहुणा उशिरा पोहोचला तर?

लग्नाच्या जेवणाला उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याची काय गत होते, हे तुम्ही पाहिले असेल. पंगत उठलेली असते, वाढपी हात धूत असतात आणि पातेल्यात तळाशी थोडासा मसालेभात उरलेला असतो. यजमान मंडळी चांगली असली तर काहीतरी व्यवस्था होते. पण निसर्गाच्या पंगतीत अशी सोय नसते. तेथे उशीर झाला तर पाहुणा तर उपाशी राहतोच, पण त्याची पिलेही उपाशी राहतात.

आज आपण अशाच एका पाहुण्याची ओळख करून घेऊ. युरोपातील ओक वृक्षांच्या जंगलात दर वसंतात येणारा हा एक छोटा गाणारा पक्षी आहे. इंग्रजीत त्याला पाइड फ्लायकॅचर म्हणतात. आपण त्याला काळा-पांढरा माशीमार म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव फिसेड्युला हायपोल्युका. वजन अवघे १२ ते १३ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन छोटे चमचे साखर! नर वरून काळा व खालून शुभ्र पांढरा, तर मादी तपकिरी. हा पक्षी हिवाळा आफ्रिकेच्या पश्चिम भागात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला काढतो. एप्रिल महिना आला की सुमारे ५००० कि.मी. प्रवास करून तो ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, स्वीडन अशा देशांतील जंगलांत विणीसाठी पोहोचतो.

गाणे थांबले म्हणजे पक्षी गेला का?

प्रथम नर येतात, माद्या त्यांच्यामागून काही दिवसांनी. नर आल्याबरोबर झाडातील एखादी ढोली शोधतो आणि तिच्या जवळपास बसून गाऊ लागतो. या गाण्याचे दोन अर्थ असतात. इतर नरांसाठी : 'ही जागा माझी आहे, दूर राहा.' मादीसाठी : 'घर तयार आहे, पाहायला ये.'

पक्षिनिरीक्षक याच गाण्याचा उपयोग करून घेतात. दाट पालवीत पक्षी दिसणे कठीण, पण ऐकू येणे सोपे. पहाटे जंगलाचा नकाशा हातात घेऊन ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचे आणि जेथे नर गाताना ऐकू येईल तेथे नकाशावर खूण करायची. हीच फेरी हंगामात आठ-दहा वेळा करायची आणि सर्व नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे. खुणांचे वेगवेगळे पुंजके दिसू लागतात. एक पुंजका म्हणजे साधारणपणे एका नराचे क्षेत्र. ब्रिटनमध्ये १९६२ ते २००० या काळात याच पद्धतीने सामान्य पक्ष्यांची गणना केली जात असे आणि ती करणारे बहुतेक लोक शिक्षक, कारकून, शेतकरी असे हौशी निरीक्षकच होते.

मात्र येथे एक फसगत होण्याचा संभव असतो. आपल्या माशीमाराला मादी मिळाली की त्याचे गाणे जवळजवळ बंद होते. ज्याला गाणे ऐकू येत नाही तो निरीक्षक वहीत लिहितो, 'पक्षी निघून गेला.' प्रत्यक्षात पक्षी तेथेच असतो आणि संसाराला लागलेला असतो! उलट जो नर मे महिना संपत आला तरी जोरजोराने गात असतो, त्याला बहुधा जोडीदारीण मिळालेलीच नसते. निरीक्षण आणि अनुमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत 'गाणे ऐकू आले नाही' एवढेच लिहावे. 'पक्षी नाही' हे अनुमान झाले.

लाकडी पेटीतील हिशेब

हा माशीमार शास्त्रज्ञांचा लाडका होण्याचे कारण असे की तो लाकडी पेटीतही आनंदाने घरटे करतो. सुमारे ३२ मि.मी. व्यासाचे गोल छिद्र असलेली एक साधी पेटी झाडावर टांगली की झाले. इंग्लंडमधील फॉरेस्ट ऑफ डीन या जंगलात नॅग्जहेड येथे १९४२ मध्ये अशा पेट्या लावण्यात आल्या. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि हेतू पक्ष्यांचा अभ्यास हा नव्हताच! ओकची पाने फस्त करणाऱ्या सुरवंटांना आवर घालण्यासाठी पक्ष्यांना बोलवावे, असा विचार होता. पक्षी आले, आणि त्यांच्याबरोबर नोंदींच्या वह्याही सुरू झाल्या. त्या नोंदी पुढे कित्येक दशके चालू राहिल्या.

या नोंदींत सर्वांत महत्त्वाची तारीख कोणती? पहिले अंडे घातल्याची. पण निरीक्षक आठवड्यातून एकदाच पेटी पाहतो, मग ती तारीख कळणार कशी? युक्ती सोपी आहे. मादी रोज एक अंडे घालते. समजा, १० मे रोजी पेटीत फिक्या निळ्या रंगाची ४ अंडी दिसली आणि मादीने अजून उबवायला सुरुवात केलेली नाही. मग पहिले अंडे ७ मे रोजी घातले गेले असणार.

आता हिशेब पुढे नेऊ. एकूण ६ अंडी झाली, तर शेवटचे अंडे १२ मे रोजी. उबवण्यास सुमारे १३ दिवस लागतात. हे काम एकटी मादी करते आणि नर तिला अधूनमधून खाऊ आणून देतो. म्हणजे पिले २५ मे रोजी बाहेर येतील. पिलांची भूक सुमारे दहाव्या दिवशी शिगेला पोहोचते. म्हणजे ४ जून. त्या सुमारास आई-बाप दिवसाला शेकडो खेपा घालत असतात. ७ मे ते ४ जून म्हणजे २८ दिवस. हा २८ चा आकडा लक्षात ठेवा. आपल्या साऱ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे.

सुरवंटांची पंगत

ओकच्या झाडाला वसंतात कोवळी पालवी फुटते. त्याच सुमारास विंटर मॉथ नावाच्या पतंगाची अंडी उबतात. या पतंगाची मादी उडू शकत नाही. ऐन थंडीत ती खोडावरून चालत वर चढते आणि फांद्यांवर अंडी घालून ठेवते. वसंतात त्यांतून बाहेर पडलेले हिरवे सुरवंट कोवळी पाने खाऊन झपाट्याने वाढतात. पुढे पाने जून, चिवट व तुरट होतात. तोवर सुरवंटांची वाढ पुरी झालेली असते आणि ते कोष करण्यासाठी खाली मातीत उतरतात. अशी ही पंगत सारी मिळून तीन-चार आठवड्यांची. तिच्यातील भरगच्च दिवस तर त्याहूनही कमी.

झाडावर किती सुरवंट आहेत हे मोजायचे कसे? शास्त्रज्ञ त्यासाठी झाडाखाली कापड ताणून बांधतात आणि त्यावर पडलेली सुरवंटांची विष्ठा गोळा करून, वाळवून तिचे वजन करतात! जास्त सुरवंट, जास्त विष्ठा. ज्या दिवसांत हे वजन सर्वांत अधिक भरते, तो पंगतीचा ऐन भर. ऐकायला विचित्र वाटेल, पण मोठमोठे निष्कर्ष अशा साध्या मोजमापांवरच उभे असतात.

आता उलटा हिशेब करा. समजा, एखाद्या वर्षी सुरवंटांचा भर २० मे रोजी येणार आहे. पिले त्या दिवशी सर्वांत भुकेली असावीत, तर पहिले अंडे २८ दिवस आधी, म्हणजे २२ एप्रिलला घातले पाहिजे. त्याआधी जोडी जमणे आणि घरटे बांधणे यांना आठ-दहा दिवस धरले, तर पक्षी १२-१४ एप्रिलपर्यंत जंगलात पोहोचला पाहिजे. प्रवासाला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे मार्च संपता संपता त्याने आफ्रिका सोडायला हवी. पण युरोपातील ओकला यंदा पालवी लवकर फुटणार आहे, हे ५००० कि.मी. दूर बसलेल्या पक्ष्याला कोण सांगणार?

निघण्याची वेळ कोण सांगते?

सुरवंटांचे घड्याळ तापमानावर चालते. ऊब वाढली की पालवी लवकर फुटते, सुरवंटही लवकर वाढतात. माशीमाराला मात्र तेथील तापमान कळण्याचा मार्ग नाही. त्याला आधार दोन गोष्टींचा. एक दिवसमानाचा आणि दुसरा त्याच्या शरीरातील घड्याळाचा.

दिवसमानाचा विचार भूगोलाच्या पुस्तकावरून करू. नेदरलँड्समध्ये, सुमारे ५२ उत्तर अक्षांशावर, सर्वांत मोठा दिवस पावणेसतरा तासांचा आणि सर्वांत लहान पावणेआठ तासांचा असतो. फरक नऊ तासांचा. आपल्या मुंबईत हेच आकडे सुमारे सव्वातेरा व अकरा तास. फरक सव्वादोन तास. आणि माशीमार जेथे हिवाळा काढतो त्या ७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास हा फरक जेमतेम ५० मिनिटांचा! मार्चअखेर तेथे दिवस रोज अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वाढत असतो, तर नेदरलँड्समध्ये रोज सुमारे चार मिनिटांनी.

एबरहार्ड ग्विनर या जर्मन शास्त्रज्ञाने एक मनोरंजक प्रयोग केला होता. युरोपातून आफ्रिकेत जाणारे काही वटवटे त्यांनी बंदिस्त खोलीत ठेवले. बारा तास उजेड, बारा तास अंधार. वर्षभर त्यात काहीही बदल नाही. तरीही पक्ष्यांनी ठरावीक काळाने पिसे बदलली, आणि स्थलांतराचा हंगाम जवळ आला की ते रात्री पिंजऱ्यात अस्वस्थपणे फडफडू लागले. म्हणजे पक्ष्याच्या शरीरातच वर्षाचे एक घड्याळ आहे. ते थोडे पुढे-मागे होते. आपण भिंतीवरचे घड्याळ अधूनमधून लावून घेतो, तसे ते दिवसमानावरून लावून घेतले जाते. हे घड्याळ पक्ष्याला आई-बापांकडून वारसाने मिळते. शेकडो पिढ्यांत ते युरोपातील पंगतीच्या वेळेशी बरोबर जुळलेले होते. पण पंगतीची वेळच बदलली तर?

नेदरलँड्समधील वह्या

नेमके तेच घडले. नेदरलँड्समधील होगे वेलुवे या राष्ट्रीय उद्यानातील नोंदी तपासून क्रिस्टियान बोट आणि मार्सेल विसर यांनी २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वीस वर्षांत वसंत अधिक उबदार होत गेला होता. माशीमार पूर्वीपेक्षा लवकर अंडी घालू लागले होते, पण त्यांचे आगमन लवकर झालेले नव्हते. म्हणजे आगमन आणि पहिले अंडे यांमधील विश्रांतीचे दिवस त्यांनी कमी केले होते. अशी बचत किती करणार? घरटे तर बांधलेच पाहिजे! तिकडे सुरवंटांचा भर मात्र दोनएक दशकांत सुमारे दोन आठवडे अलीकडे सरकला.

२००६ मध्ये याच मालिकेतील पुढचा निबंध आला. त्यात निरनिराळ्या नऊ जंगलांतील माशीमारांची तुलना होती. ज्या जंगलांत सुरवंटांचा भर लवकर येत होता, तेथील माशीमार सुमारे दोन दशकांत ९० टक्क्यांनी घटले होते. जेथे भर उशिरा येत होता, तेथे घट थोडीच होती. शंभर जोड्यांच्या जागी दहा! त्या पेट्या मोजणाऱ्या निरीक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करा.

अर्थात, दोन गोष्टी बरोबरीने घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून विचारालच. आफ्रिकेतील परिस्थिती, पेट्यांसाठी टिट पक्ष्यांशी होणारी झुंज ही कारणेही शास्त्रज्ञांनी तपासली आहेत. पण हिवाळ्यात आफ्रिकेला जाणारी जात एकच असताना शेजारशेजारच्या जंगलांत एवढा फरक पडतो, यावरून पंगत चुकणे हे एक महत्त्वाचे कारण असावे, असे मानण्यास आधार मिळतो.

पाठीवरचे प्रकाशमापक

पक्षी आफ्रिकेतून केव्हा निघतो, हे कळले कसे? येथे पदार्थविज्ञान मदतीला आले. पक्ष्याच्या पाठीवर एका ग्रॅमहूनही हलके उपकरण बसवतात. त्यात फक्त दोन गोष्टी : उजेड मोजणारा भाग आणि घड्याळ. सूर्योदय व सूर्यास्त यांच्या वेळा त्यात साठत जातात. पुढच्या वसंतात पक्षी बहुधा त्याच जंगलात परततो. त्याला पुन्हा पकडून उपकरण काढून घेतात.

केवळ उजेडावरून ठिकाण कसे कळते? सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे स्थानिक मध्यान्ह. पृथ्वी एक अंश फिरण्यास ४ मिनिटे घेते. समजा, ग्रिनिचच्या वेळेवर लावलेल्या घड्याळात मध्यान्ह १२ वाजून ३२ मिनिटांनी झाली. ३२ ला ४ ने भागा : पक्षी ८ अंश पश्चिम रेखांशावर आहे. (वर्षभरात काही मिनिटांची दुरुस्ती करावी लागते, ती येथे सोडून दिली आहे.) दिवसाच्या लांबीवरून अक्षांश निघतो. मात्र २१ मार्च आणि २३ सप्टेंबर यांच्या आसपास साऱ्या पृथ्वीवर दिवस जवळपास सारखाच असतो, म्हणून त्या दिवसांत अक्षांश काढता येत नाही. रेखांश मात्र तेव्हाही मिळतो. असे का, याचा विचार करून पाहा.

घड्याळ बदलू शकते का?

आता थोडी आशेची बाजू. १९८१ मध्ये ग्विनर यांनी जर्मनीतील माशीमारांची पिले प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या वार्षिक घड्याळाची नोंद केली होती. २००२ मध्ये त्याच भागातील पिलांवर तोच प्रयोग पुन्हा करण्यात आला. दोन्हींची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या पिढीच्या पक्ष्यांचे वसंतातील घड्याळ सुमारे नऊ दिवस पुढे गेले होते! उशिरा येणाऱ्यांची पिले कमी जगली, लवकर येणाऱ्यांची अधिक जगली. त्यामुळे घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या सरकत गेले असावे.

दुसरा प्रयोग आणखी वेगळा. नेदरलँड्समधील काही माद्या शास्त्रज्ञांनी पाचशेहून अधिक कि.मी. उत्तरेला, स्वीडनमध्ये नेऊन सोडल्या. तेथे वसंत उशिरा येतो. या माद्यांनी तेथील माद्यांपेक्षा लवकर अंडी घातली आणि त्यांची पिलेही अधिक यशस्वी ठरली. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे जो पाहुणा एका पंगतीला उशिरा पोहोचतो, तोच दुसऱ्या गावच्या पंगतीला सर्वांआधी हजर! पक्षी स्वतःहून असे उत्तरेला सरकले, तर त्यांचा निभाव लागण्याची शक्यता आहे. पण पंगतीची वेळ ज्या वेगाने बदलत आहे तो वेग त्यांना गाठता येईल का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या अंगणातील नातेवाईक

हे सारे दूरदेशीचे झाले, असे म्हणू नका. याच कुळातील लाल कंठाचा माशीमार पूर्व युरोप व रशियातील जंगलांत वीण करतो आणि हिवाळ्यात चक्क आपल्याकडे येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत महाराष्ट्रातील आमराया, बागा आणि शाळांची आवारे यांत तो दिसतो. चिमणीहून लहान, तपकिरी. सतत शेपटी वर उचलून तिच्या मुळाशी असलेले पांढरे डाग दाखवणारा. नराच्या गळ्याला नारिंगी रंग असतो. हा पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटचा कधी दिसला, एवढ्या दोन नोंदी दर वर्षी शाळेच्या वहीत करा. एका वर्षाच्या नोंदीला फारशी किंमत नाही. वीस वर्षांच्या नोंदींना फार मोठी आहे. वही वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे गेली पाहिजे. शिक्षकांनी तेवढे मनावर घ्यावे.

विणीच्या हंगामातील निरीक्षण करायचे असेल तर आपल्याकडे पावसाळा आहेच. दक्षिण भारत व श्रीलंकेत हिवाळा काढणारा नवरंग पावसाच्या सुमारास आपल्या जंगलांत विणीसाठी येतो. शास्त्रीय वर्गीकरणात तो गायक पक्ष्यांत मोडत नाही, पण त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ दूरवर ऐकू येते. नकाशावर खुणा करण्याची पद्धत त्याच्यासाठी वापरून पाहा. सुरवंटांच्या विष्ठेचा प्रयोगही करता येईल. पावसाळ्यात बहाव्याच्या झाडावर पिवळसर फुलपाखरांचे सुरवंट असतात. झाडाखाली कापड बांधून, दर तीन दिवसांनी पडलेल्या गोळ्या वाळवून प्रयोगशाळेतील तराजूवर तोला आणि आलेख काढा.

मात्र एक नियम कटाक्षाने पाळा. घरट्याजवळ जायचे नाही. अंड्यांना वा पिलांना हात लावायचा नाही आणि छायाचित्रासाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत. युरोपातील पेट्या तपासणारे लोक प्रशिक्षित असतात. आपल्याकडे रानपक्ष्यांची अंडी वा घरटी घेणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या विरुद्ध आहे. दुरून, दुर्बिणीने किंवा नुसत्या कानांनी जे कळते तेच लिहा. पक्षी आपल्याला पाहून ओरडू लागला, तर आपण फार जवळ आलो असे समजून मुकाट्याने मागे फिरा.

शेवटी तुमच्यासाठी एक उदाहरण. निरीक्षकाला १८ मे रोजी एका पेटीत ५ अंडी दिसली. उबवणे सुरू झालेले नव्हते. पुढच्या खेपेस एकूण ६ अंडी होती. सुरवंटांचा भर त्या जंगलात २६ मे रोजी होता. पिलांची भूक शिगेला पोहोचली, तेव्हा पंगत उठून किती दिवस झाले होते? उत्तर काढल्यावर त्या सहा पिलांचा क्षणभर विचार करा. मग ध्यानात येईल की वहीतली एक तारीखही केवढी मोलाची असते.